सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं लाइव्ह फीड पोलिसांना द्यायचं का? लेखी काहीच नाहीये

चौथा_मजला

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, वाचा आणि सांगा. एरिया सांगत नाही, विषयच तसा आहे, पण नाशिक शहरातलीच सोसायटी, दोन विंग, मी कमिटीत आहे कारण एजीएमला उशिरा पोचलो आणि तोवर माझं नाव टाकून झालं होतं. तर मागच्या आठवड्यात आमच्या बीटचे हवालदार आले, चहापाणी झालं, आणि म्हणाले सिंहस्थ तोंडावर आलाय, वरून सूचना आहे, तुमच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं लाइव्ह फीड आम्हाला जोडून द्या. म्हणजे काय तर एनव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या मशीनचा, आयडी पासवर्ड द्यायचा, त्यांचा माणूस मोबाईलवर ॲप टाकून जोडून घेणार. आणि त्याच्याबरोबर सगळ्यांची यादी, फक्त भाडेकरू नाही, मालकांची पण, नाव, मोबाईल, गाडी नंबर, मूळ गाव, आधारची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, हे सगळं एक्सेलमध्ये भरून त्यांच्या पर्सनल व्हॉट्सॲपवर.

मी म्हटलं साहेब एखादं पत्र मिळालं तर मीटिंगमध्ये ठेवायला बरं पडेल, तर ते हसले, म्हणाले पत्रबित्र कशाला, घरचीच माणसं आहात. माणूस खरंच चांगला आहे हो, गणपतीत रात्री दोनला फोन केला तरी आलेला, म्हणून तर अवघड झालंय. चेअरमन काका म्हणतात आजच देऊन टाका, उद्या पार्किंगच्या भांडणात त्यांचीच गरज लागणार. बी विंगमधल्या दोघीजणी म्हणतात आमच्या लिफ्टसमोरचा कॅमेरा आम्ही कुणाच्या मोबाईलवर जाऊ देणार नाही. मला दोन्हीकडचं पटतं, हीच पंचाईत.

प्रश्न असे की हे द्यायलाच लागतं का? आणि दिलं तर कोण बघतं, किती दिवस ठेवतात, कुणी गैरवापर केला तर कळणार कसं, याच्या वर कुणी बसलेलं असतं की नसतंच? राजकारण नको, माहिती असेल तर द्या.

सातपूरचा_बाळू

द्या की भो, एवढं काय. माझ्या आईची पोत ओढली होती मॉर्निंग वॉकला, समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात गाडीचा अर्धा नंबर आला म्हणून तर पोरं सापडली. पोत नाही मिळाली ती गोष्ट वेगळी. आपण काय चोर आहोत का दरोडेखोर, बघू दे ना काय बघायचं ते, आपण सकाळी डबा घेऊन कंपनीत जातो आणि संध्याकाळी येतो, बघून बघून बोअर होतील.

नाशिकरोडची_वकील

बाळूभाऊ, तुमच्या आईच्या केसमध्ये गुन्हा घडला होता, पोलिसांनी त्या वेळेचं, त्या रस्त्याचं फुटेज मागितलं, बंगलेवाल्यानं दिलं, विषय संपला. ह्यांच्याकडे काहीच घडलेलं नाही आणि मागतायत चोवीस तास, सगळ्यांचं, कायमचं. एकातून दुसरं आपोआप निघत नाही.

आता कायद्याचं. तपासासाठी एखादी वस्तू, कागद किंवा इलेक्ट्रॉनिक माहिती हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आहे, जुन्या सीआरपीसीचं ९१, नवीन कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झालाय. त्यात पोलीस स्टेशनचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढून ती हजर करा म्हणू शकतो. असा आदेश आला तर द्यायचंच, टाळाटाळ अजिबात करायची नाही, उलट त्या दिवसाची कॉपी लगेच काढून बाजूला ठेवायची कारण डिस्क भरली की मशीन जुन्यावरच नवीन लिहितं. पण हे कलम सुरू असलेल्या तपासासाठी किंवा चौकशीसाठी आहे. न घडलेल्या गुन्ह्यासाठी कायमचा पासवर्ड त्यात बसतो असं मला तरी वाटत नाही.

भाडेकरूंचं थोडं वेगळं. पोलीस आयुक्त ह्याच संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे आपलं जुनं १४४, आदेश काढून घरमालकांना भाडेकरूंची माहिती द्यायला लावू शकतात आणि तसे आदेश निघतातही, मोडला तर न्याय संहितेचं २२३ लागतं. त्यामुळे भाडेकरूंबाबत आधी असा आदेश चालू आहे का ते बघा. पण त्या आदेशाला नंबर असतो, तारीख असते, मुदत असते, साधारण दोन महिने. त्याची कॉपी मागा. मालकांचे आधार त्यात कुठून आले ते मलाही कळत नाहीये.

आणि मूळ गोष्ट म्हणजे पुट्टस्वामी निकाल, २४ ऑगस्ट २०१७, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो काही अमर्याद नाही, सरकारला आत शिरता येतं, पण त्याला कायद्याचा आधार लागतो, हेतू योग्य लागतो आणि कामापुरतंच शिरायचं. "वरून सूचना आहे" ह्याला कायदा म्हणत नाहीत.

जुना_खाकी

मी खात्यातून रिटायर झालोय, कुठून ते राहू द्या. दोन्ही बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, त्या हवालदारावर राग धरू नका. किती सोसायट्या जोडल्या, किती राहिल्या, हा आकडा त्याला रोज विचारतात, आणि तो विचारणारा पण कुणाला तरी उत्तर देत असतो. त्याला तुमच्या लिफ्टमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही.

दुसरी गोष्ट, लाइव्ह फीड घेऊन बघणार कोण? नाइटला ठाण्यात माणसं किती असतात ते एकदा येऊन बघा. आम्हाला खरा त्रास कशाचा व्हायचा ते सांगतो. चोरी झाली की पेन ड्राइव्ह घेऊन दुकानोदुकानी फिरायचं, एका ठिकाणी मशीनचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, दुसरीकडे कॅमेरा आहे पण त्याच्यावर जाहिरातीचा बोर्ड आलाय, तिसरीकडे चित्र एकदम क्लिअर पण मशीनचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढं. कोर्टात वकील पहिलं तेच धरतो, फुटेजमध्ये ९ वाजून १० मिनिटं दिसतायत आणि फिर्यादी म्हणतो साडेआठला घडलं. मग साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट, जुनं ६५ ब, म्हणजे हे रेकॉर्डिंग माझ्याच मशीनमधलं आहे असं लिहून देणं, ते द्यायला दुकानदार तयार नाही कारण कोर्टाच्या तारखा कोण करणार. तुम्हाला पोलिसांना मदतच करायची असेल ना तर घड्याळ बरोबर ठेवा, गेटवरचा कॅमेरा नंबर प्लेट दिसेल असा खाली लावा, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील एवढी डिस्क टाका आणि मागितल्यावर सर्टिफिकेटवर सही करा. पासवर्डपेक्षा हे शंभर पटीनं कामाचं आहे.

सिंहस्थाचं म्हणाल तर २००३ ला मी बंदोबस्ताला होतो. सरदार चौकाच्या बाजूला जी चेंगराचेंगरी झाली त्यात तीसहून जास्त माणसं गेली, ते दृश्य अजून विसरलो नाही. त्यामुळे गर्दीवर कॅमेरा नको असं मला कुणी सांगू नये, हवाच, घाटावर हवा, उतारावर हवा, पुलावर हवा. पण तुमच्या पार्किंगचा कॅमेरा बघून रामकुंडावरची चेंगराचेंगरी कशी थांबणार हे मला कुणी समजावून सांगावं.

गंगापूररोड_आजोबा

प्रयागराजला २०२५ च्या कुंभात अडीच हजारांच्या वर कॅमेरे होते, गर्दी मोजणारं एआय होतं, तरी २९ जानेवारीला चेंगराचेंगरी झालीच, सरकारी आकडाच ३० चा. कॅमेऱ्यानं दिसतं. दिसल्यावर रस्ता मोकळा करणारा माणूस जागेवर लागतो.

सातपूरचा_बाळू

म्हणून कॅमेरे काढून टाकायचे का मग? असं कसं चालेल. खाकीकाका तुम्ही पण त्यांच्यात गेलात.

कॉलेजरोड_पीजी

मी मुद्दाम अकाउंट काढलं हे लिहायला. बाळूदादा तुम्ही म्हणता बघून बोअर होतील, तर नाही होत लोक बोअर. मी ज्या पीजीत होते तिथे जिन्यात आणि गॅलरीत कॅमेरे, सेफ्टीसाठी असं ॲडमिशनच्या वेळी सांगितलेलं, घरच्यांना पण ते बरं वाटलेलं. मग एकदा क्लास सुटल्यावर मैत्रिणीचा बर्थडे होता, यायला पावणेअकरा झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांचा फोन, तो मुलगा कोण होता गाडीवर. मालकांनी जिन्यातली क्लिप आईपप्पांना पाठवली होती, व्हॉट्सॲपवर, वर स्माइली टाकून. तो मुलगा मैत्रिणीचा भाऊ होता पण ते सांगत बसायची वेळ माझ्यावर का यावी? मी काही गुन्हा केला नव्हता, पीजीची वेळ अकराची होती.

तिथे पोलीस नव्हते, सरकार नव्हतं, एक रिकामा माणूस आणि एक मोबाईल होता. आता तोच मोबाईल युनिफॉर्मवाल्याच्या हातात आहे असं धरा आणि मग सांगा बी विंगवाल्या ताईंचं काय चुकतंय. सगळे वाईट असतात असं नाही म्हणत मी. पण ज्याच्याकडे बघायचं आणि ज्याला उलट विचारायची सोयच नाही, असं झालं की चांगला माणूस पण स्क्रीनवर बोट फिरवत बसतो.

आणि अजून एक, लाइव्ह कोण बघतंय हे मुलींनाच का विचारावं लागतं दर वेळी.

चौथा_मजला

ताई, सॉरी तुमच्याबाबतीत असं झालं. हे मी मीटिंगमध्ये (नाव गाव न सांगता) वाचून दाखवू का?

कॉलेजरोड_पीजी

दाखवा. पण स्क्रीनशॉट फॉरवर्ड नका करू प्लीज.

पाथर्डीफाटा_आयटी

टेक्निकल बाजू कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आयडी पासवर्ड दिला म्हणजे नक्की काय दिलं ते बघा. बहुतेक मशीनला एकच ॲडमिन लॉगिन वापरतात, त्यातून बघता येतं, डाउनलोड करता येतं, डिलीट पण करता येतं, आणि सेटिंगमध्ये जाऊन तुम्हालाच बाहेर काढता येतं. एका हवालदाराला दिला की तो बदली होऊन जाताना नवीन माणसाला देणार, मधे कधीतरी केबल जोडणाऱ्या पोराला दिलेला असतो, आणि सगळ्यांचं लॉगिन एकच असल्यामुळे उद्या क्लिप बाहेर आली तर कुणी काढली हे मशीन सांगूच शकत नाही. लॉग असतो पण त्यात फक्त ॲडमिन, ॲडमिन, ॲडमिन.

राजकोटचं आठवतं का, फेब्रुवारी २०२५, तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातलं बायकांच्या तपासणीचं फुटेज नेटवर विकायला निघालं होतं. पोलीस तपासात काय निघालं तर कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीनं दिलेला तसाच, कुणी बदललाच नव्हता. तिथे कुणी मोठा हॅकर नव्हता हो, दार उघडंच होतं. सरकारनं एप्रिल २०२५ पासून नवीन सीसीटीव्हीला सुरक्षेची चाचणी सक्तीची केलीय ते चांगलंच आहे, पण तुमच्या सोसायटीतले कॅमेरे त्याच्या आधीचे असणार.

द्यायचंच ठरलं तर वेगळा युजर बनवा, फक्त व्ह्यू, फक्त गेटबाहेरच्या रस्त्याचे एक-दोन कॅमेरे, एक्सपायरी डेट टाकून. लिफ्ट, जिना, गच्ची, क्लब हाउस अजिबात नाही. आणि आधारच्या झेरॉक्सचा तर विषयच काढू नका, यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार निघतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ते द्या आणि त्यावर पेननं लिहा कशासाठी दिलं आणि कधी दिलं.

चेहरा ओळखायच्या सॉफ्टवेअरचं वेगळंच प्रकरण आहे. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं होतं की ८० टक्के जुळलं की आम्ही ते मॅच धरतो. म्हणजे वीस टक्के जुळलं नाही तरी तुम्हीच. नाशिकला सिंहस्थात लाखोंनी लोक येणार, त्यात एक टक्का जरी चुकीचे धरले गेले तरी हिशोब करा किती होतात ते. युरोपात पोलिसांनी सार्वजनिक जागी असं लाइव्ह चेहरे ओळखणं फेब्रुवारी २०२५ पासून, ठराविक अपवाद सोडून, बंद केलंय. आपल्याकडे हे कधी वापरायचं आणि कधी नाही एवढंच सांगणारा वेगळा कायदा अजून नाही. तुमचं फीड आज हवालदाराच्या मोबाईलवर जाईल, उद्या त्याच्या मागे कुठलं सॉफ्टवेअर बसवतील ते तुम्हाला विचारून बसवणार नाहीत.

रविवार_कारंजा

चौथा मजला, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात भारी आहे आणि त्याला कुणी हात लावला नाही. याच्या वर कुणी बसलेलं असतं का? तर बघा, असतं, पण जो करतो तोच वर बसलेला असतो, बहुतेक वेळा.

फोन टॅपिंगचं घ्या कारण त्यात निदान नियम आहेत. १८८५ चा टेलिग्राफ कायदा, इंग्रजांचा, त्याच्या कलम ५(२) खाली टॅपिंग चालायचं आणि शंभर वर्षं कुणी विचारलं नाही. १९९६ मध्ये पीयूसीएल ह्या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आदेश गृहसचिवानंच काढायचा, दोन महिन्यांची मुदत, वाढवून वाढवून सहा महिने, आणि एक पुनर्विलोकन समिती ते आदेश तपासेल. चांगलं वाटतं ना ऐकायला? आता समितीत कोण, तर केंद्रात कॅबिनेट सचिव आणि दोन सचिव, राज्यात मुख्य सचिव आणि दोन सचिव. न्यायाधीश नाही, आमदार खासदार नाही, बाहेरचं कुणीही नाही. सचिवानं काढलेला आदेश सचिव तपासणार. बरं तपासणार किती, तर डेटा कायद्यासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात लिहिलंय की ही केंद्राची समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तिच्यासमोर असतात. अठरा हजार! आमच्या ग्रामसभेत अठरा विषय असले तरी शेवटचे दहा "वाचून कायम" होतात. आता टेलिग्राफ कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, २०२४ च्या डिसेंबरात नवीन नियम आले, समिती तशीच सचिवांची.

इंग्लंडमध्ये २०१६ च्या कायद्यानं असं केलंय की मंत्र्यानं वॉरंटवर सही केली तरी न्यायिक आयुक्तानं मान्यता दिल्याशिवाय ते लागू होत नाही, अर्जंट असेल तर नंतर लगेच त्याच्याकडे जावं लागतं. अमेरिकेत १९७८ पासून वेगळं गुप्त कोर्ट आहे आणि एक स्वतंत्र देखरेख बोर्ड आहे. त्यांचंही सगळं आलबेल नाही बरं का, २०२५ च्या जानेवारीत त्या बोर्डातले तीन सदस्य सरकारनं काढून टाकले आणि बोर्ड लंगडं झालं. पण काढायला बोर्ड होतं तरी. आपल्याकडे आयबीसारखी गुप्तचर संस्था संसदेच्या कायद्यानं बनलेलीच नाही, २०११ मध्ये मनीष तिवारींनी त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं, ते तसंच गेलं.

म्हणजे सगळा अंधार आहे का, तर नाही. मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २०१९ मध्ये एका लाचेच्या प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करा म्हणाले, कारण कायद्यात लिहिलंय सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, आणि त्या केसमध्ये दोन्हीपैकी काहीच नव्हतं. पण हे कळलं कधी, तर खटला उभा राहिला म्हणून. ज्याच्यावर खटलाच नाही त्याला आपला फोन ऐकला गेला हे मरेपर्यंत कळत नाही, कळवायचा नियमच नाही. पेगॅसस ह्या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात तेच झालं, सुप्रीम कोर्टानं समिती नेमली, २९ फोन तपासले, ५ मध्ये काहीतरी मालवेअर सापडलं पण तेच पेगॅसस का हे ठरलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही असं समितीनंच म्हटलं. विषय तिथंच.

आणि आता सगळ्यांना आवडेल असा मुद्दा. सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० ला आदेश दिलाय की देशातल्या प्रत्येक पोलीस स्टेशनात कॅमेरे हवेत, गेटवर, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, ते जमतच नसेल तर निदान एक वर्ष. त्याच्यावर जिल्हा देखरेख समिती, त्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख. आपल्याकडे तर विभागीय आयुक्तांचं ऑफिस नाशिकरोडलाच आहे, लांब जायला नको. माझं साधं म्हणणं आहे, माहिती अधिकारात विचारा की आपल्या जिल्ह्यातली ही समिती शेवटची कधी बसली आणि कुठल्या ठाण्यातले कॅमेरे बंद आहेत. आपल्या पार्किंगचं फीड मागणाऱ्यांच्या स्वतःच्या व्हरांड्याचा कॅमेरा चालू आहे का, एवढं तर विचारू शकतो ना.

जुना_खाकी

रविवार कारंजा, तो आदेश पोलिसांच्या फायद्याचा पण आहे. लॉकअपमध्ये मारलं म्हणून खोटे आरोप होतात तेव्हा तेच रेकॉर्डिंग कामाला येतं. चालू असेल तर.

इंदिरानगर_जोशी

नवीन डेटा कायदा आलाय ना? त्यात २५० कोटी दंड आहे म्हणे. त्यात नाही का बसत हे?

नाशिकरोडची_वकील

जोशी काका, आलाय, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बहुतेक जबाबदाऱ्या त्याच्या अठरा महिन्यांनंतर लागू, म्हणजे २०२७ च्या मे मध्ये. दंड २५० कोटींपर्यंत, बरोबर. पण कलम १७ वाचा. गुन्हा रोखणं आणि तपास करणं यासाठी बरीच सूट आहेच, वर केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून अख्ख्या कायद्यातून बाहेर ठेवू शकतं. आणि तक्रार ऐकणारं बोर्ड नेमणार केंद्र सरकारच. त्यामुळे पोलिसांविरुद्ध त्याचा फार उपयोग होईल या भ्रमात राहू नका. हां, सोसायटी स्वतः मात्र त्यात येऊ शकते! गेटवरच्या ॲपमध्ये आणि एक्सेलमध्ये तुम्ही लोकांचा डेटा ठेवता, तो निष्काळजीपणे बाहेर गेला तर उत्तर कमिटीला द्यावं लागेल, हवालदाराला नाही. चेअरमन काकांना हे जरूर वाचून दाखवा.

ह्याच कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) पण बदललं. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा जनहितासाठी द्यायची सोय त्याच कलमात होती, आता वैयक्तिक म्हटलं की सरळ नकार देता येतो, कलम ८(२) चं जनहित धरून भांडावं लागतं. आपली माहिती त्यांना सहज, त्यांची आपल्याला अवघड, असं झालंय एकूण.

रविवार कारंजांनी सुचवलेला अर्ज करणार असाल तर महाराष्ट्रात अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा किंवा ऑनलाइन करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, वीस रुपये, आणि त्याच्यावर राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ आहे. कुणाची नावं मागू नका, आकडे आणि तारखा मागा, नाकारणं जड जातं.

सातपूरचा_बाळू

हे सगळं पुस्तकातलं ठीके, पण उद्या ह्यांच्या सोसायटीत चोरी झाली आणि पोलीस म्हटले तुम्हीच फीड दिलं नव्हतं, मग? आणि पोलिसांशी वाकडं घेऊन सामान्य माणूस राहू शकतो का इथं. वकीलताई तुमचं ठीक आहे, तुमचा काळा कोट आहे.

नाशिकरोडची_वकील

हा मुद्दा खरा आहे, मी हसण्यावारी नेत नाही. म्हणून नाही म्हणायचंच नाही. लेखी हो म्हणायचं, अटींसकट. हे लेटरहेडवर टाका:

"मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांस. आपल्या प्रतिनिधींनी तोंडी केलेल्या मागणीच्या अनुषंगाने कळवतो की संस्था तपासकामी संपूर्ण सहकार्य करेल. कोणत्याही घटनेचे फुटेज लेखी मागणी मिळताच त्याच दिवशी प्रमाणपत्रासह देण्यात येईल. मुख्य गेटबाहेरील कॅमेऱ्यांचे दृश्य थेट स्वरूपात हवे असल्यास कृपया त्यासाठीचा आदेश, कायद्यातील तरतूद, पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, साठवणुकीचा कालावधी व बंद करण्याची तारीख लेखी कळवावी. भाडेकरूंची माहिती लागू आदेशानुसार विहित नमुन्यात सादर करण्यात येईल. सभासदांची माहिती सर्वसाधारण सभेच्या मान्यतेशिवाय देता येणार नाही."

आवक शिक्का मारून पोच घ्या. ह्यात वाकडं काय आहे? आणि चोरी झाली तर तुमच्याकडे सहकार्याचं पत्र शिक्क्यासकट असेल.

गंगापूररोड_आजोबा

विचारल्यावर मागे पण घेतात हो. सरकारचं संचार साथी ॲप आठवा, नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी आदेश काढला की प्रत्येक नवीन मोबाईलमध्ये ते ॲप आधीच टाकलेलं हवं, लोकांनी बोंब मारली आणि ३ डिसेंबरला सक्ती रद्द. आठवडाभर पण टिकली नाही.

चौथा_मजला

अपडेट देतो. रविवारी मीटिंग झाली, टेरेसवर, वादावादी भरपूर. ताईंचा अनुभव वाचून दाखवला तेव्हा जरा शांतता झाली, मग एक आजी म्हणाल्या आमच्या सुनेचं येणंजाणं समोरच्या फ्लॅटवाल्यांना पाठ असतं त्यासाठी कॅमेरा कशाला हवा. असो. वकीलताईंचं पत्र जवळपास जसंच्या तसं पास झालं, फक्त चेअरमन काकांनी "सप्रेम नमस्कार" घालायला लावला. मी स्वतः नेऊन दिलं, हवालदारसाहेबांनी वाचलं, म्हणाले बरं केलंत, मला पण वर दाखवायला कागद झाला. नाराज नाही दिसले, उलट हलके झाल्यासारखे वाटले. वरून अजून उत्तर नाही, आलं तर टाकतो. बाळूभाऊ अजून सहमत नसतील, चालेल.

खाकीकाकांनी सांगितलं म्हणून मशीनचं घड्याळ बघितलं, पंचवीस मिनिटं मागे होतं. आणि आयटीवाल्या दादांनी सांगितलं म्हणून पासवर्ड बदलायला गेलो तर जोडलेल्या मोबाईलची यादी निघाली, त्यात एक वॉचमन, एक कॅमेरा बसवणारा आणि एक आमचे जुने सेक्रेटरी, जे फ्लॅट विकून कधीच पुण्याला गेलेत. म्हणजे पोलिसांवरून भांडतोय आम्ही आणि हे गृहस्थ तिकडे हडपसरला बसून आमची लिफ्ट बघतायत.

पाथर्डीफाटा_आयटी

काढलंत का त्यांना?

चौथा_मजला

काढलं काल रात्री. आज सकाळी त्यांचा फोन, तुमच्याकडचं नेट गेलंय का, माझ्याकडे काही दिसत नाहीये.